चटका, झळ आणि धग

चुलीपाशी वाढलेल्या माणसाला तापण्याचे तीन प्रकार कुणी शिकवावे लागत नाहीत. तवा हाताला लागला की चटका. तापलेल्या वाऱ्याबरोबर येते ती झळ. शेकोटीला न शिवता, वारा नसतानाही गाल तापवते ती धग. भौतिकशास्त्राने यांना वहन, अभिसरण आणि प्रारण अशी भारदस्त नावं दिली, पण गाडीची वायरिंग वाचायला मला घरचे शब्दच पुरतात.

ती वाचायला भिवंडीचा धामणकर नाका चांगला. मेट्रोचे खांब, रिक्षा, कापडाचे तागे लादलेले टेम्पो. चाकं थांबलेली आणि इंजिनं चालू. धावत्या गाडीला मिळणारा वारा इथे नाही. जवळच्या गल्लीत एक छोटा हत्ती सीट उचलून उभा होता. २००५ साली हा टेम्पो आला तेव्हा दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन थेट सीटखाली बसवलेलं होतं. जागा इतकी आखडती की आत शिरलेल्या प्रत्येक वायरला मुक्कामाचं ठिकाण विचारपूर्वकच निवडावं लागतं. वायरिंग नव्याने ओढणाऱ्याला सगळे नुसतं उस्ताद म्हणत होते. त्यांचं काम मी बराच वेळ पाहत उभा राहिलो.

पहिली दाद वाटेला. अल्टरनेटरकडून येणारा जुडगा सरळ रेषेत नेला असता तर हातभर वायर वाचली असती, पण ती रेषा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून जाते आणि भार ओढताना मॅनिफोल्ड काहीशे अंशांपर्यंत तापतो. उस्तादांनी वळसा घातला आहे. जुडगा चासीच्या कडेने खाली उतरतो, थंड बाजूने फिरतो आणि मगच वर येतो. वायर आधी लांब घ्यायची, गुंडाळायचं नंतर, एवढंच ते म्हणाले. साध्या पीव्हीसीचं आवरण जेमतेम ८५ ते १०५ अंशांपर्यंत टिकतं. त्यापुढे त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य उडून जातं, आवरण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिन १२५ पर्यंत आणि सिलिकॉन २०० पर्यंत तग धरतं, मात्र सिलिकॉन घासलं की लवकर फाटतं. म्हणजे महाग वायर घेतली म्हणून वाट चुकवायची मुभा मिळत नाही.

एका जागी मात्र वळसा शक्यच नव्हता, आणि सगळ्या कामाचा रस तिथे उतरला आहे. तिथे काचतंतूंची विणलेली नळी आहे. यंत्रमागांच्या गावात ताण्याबाण्याचं कौतुक कुणाला सांगायचं! पण ही वीण तशी आडवी-उभी नाही. नाडीसारखी तिरकी आहे. दोन्ही टोकांनी आत लोटली की नळीचं पोट फुगतं, जाड कनेक्टरसुद्धा आरपार जातो. ओढली की वायरला घट्ट धरते. कापलेलं टोक उसवतं, म्हणून ते आत दुमडून बांधलंय. एवढ्या बारकाव्यावरून हात ओळखावा.

नळी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा आहे, दोन्हींपासून बोटभर सुटा. चकाकी धगेचा मोठा भाग परत फिरवते आणि मधली हवा पत्र्याची ऊब वाहून नेते. हाच पत्रा नळीला टेकवला असता तर धगेचा चटका झाला असता. ते रिकामं बोटभर अंतर ही मला या रचनेतली सर्वांत देखणी ओळ वाटते.

गुंडाळण्यावर लोकांचा फार भरवसा असतो. पण नळी म्हणजे गोधडी: बाहेरची ऊब आत यायला वेळ लावते आणि आतली बाहेर जायलाही. वायरमधून वीज वाहते तेव्हा ती स्वतः तापते. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध साधारण ३९ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच विजेत ते आणखी तापतं. मॅनिफोल्डला चिकटवून तासभर ठेवली तर गोधडीही हरते. गाडी बंद केल्यावरची पहिली काही मिनिटं तर जास्तच वाईट, कारण पंखा आणि वारा थांबतात, पण लोखंडात साठलेली ऊब आसपास पसरतच राहते.

एका वळणावर मात्र रसभंग झाला. तिथे साधी काळी टेप आणि नायलॉनचा पट्टा. टेपचा चीक दोन उन्हाळ्यांत पाझरेल, पट्टा ठिसूळ होऊन तुटेल आणि इतक्या काळजीने लांब ठेवलेली वायर घरंगळत धगेकडेच जाईल. तिथे रबर लावलेली पत्र्याची क्लिप हवी होती. मी बोट दाखवलं. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, डब्यात चाचपलं आणि न बोलता क्लिप काढली.

मग त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन आपल्या रबरी बैठकीवर हिसका देऊन हललं. जुडग्याला ठेवलेला ढिला फास त्याच्याबरोबर झुलला आणि क्लिपच्या पलीकडे वायर जरासुद्धा ओढली गेली नाही.