नायगार्डचे गुणोत्तर आणि सोलापूरचे तलाव

शैवलांवरून पाण्याची पोषणस्थिती ठरविण्याच्या ज्या पद्धती भारतीय अभ्यासकांत रूढ झाल्या, त्यांत डॅनिश शास्त्रज्ञ नायगार्ड यांनी १९४९ साली मांडलेल्या संयुक्त गुणोत्तराचे स्थान मोठे आहे. नील-हरित शैवले, क्लोरोकॉकेलीझ, केंद्रीय डायाटम व युग्लीना-वर्ग यांच्या जातींची बेरीज अंशस्थानी आणि डेस्मिडांच्या जातींची संख्या छेदस्थानी घ्यावयाची. भागाकार १ हून कमी आल्यास पाणी अल्पपोषी व बराच अधिक आल्यास सुपोषी समजावयाचे, असे हे गणित होय. त्याची सुलभता निर्विवाद आहे. सोलापूरच्या तलावांस ते जसेच्या तसे लावणे मात्र युक्त ठरत नाही.

छेदस्थानी डेस्मिडच का, याचा उलगडा उत्तर युरोपातील जलाशयांकडे पाहिल्यास होतो. तेथील दलदलीच्या डबक्यांत स्फॅग्नम ही हरिता माजते. तिच्या पेशीभित्तिका पाण्यातील कॅल्शियमचे आयन धरून ठेवतात व मोबदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. त्यामुळे पाण्याचा सामू ४ च्या आसपास उतरतो. अशा मृदू, आम्लधर्मी व क्षारविरळ पाण्यात डेस्मिडांच्या जाती विपुल असतात. खत वा सांडपाणी मिसळताच त्या विरळ होतात. सारांश, तेथे डेस्मिडांची घट आणि पोषकद्रव्यांची वाढ बरोबरीने चालतात, म्हणून एकीवरून दुसरीचे अनुमान करता येते.

सोलापुरात ही सांगडच मुळात नाही. सिद्धेश्वर तलाव, कंबर ऊर्फ संभाजी तलाव आणि आदिला नदीवर बांधलेला, १८७१ साली पुरा झालेला एकरुख तलाव हे सारे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आहेत. त्या पाषाणाच्या विदारणातून कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. उन्हाळ्यातील बाष्पीभवन त्यांची तीव्रता वाढविते. सांडपाण्याचा थेंबही न पडता असे पाणी अल्कधर्मी होऊ शकते. येथे स्फॅग्नम नाही. हरिता ओलसर भिंतींच्या व पायऱ्यांच्या आश्रयाने राहतात. कठीण पाण्याला मानवणारे शैवल म्हणजे अंगावर चुन्याचे पुट चढविणारे कारा. अशा ठिकाणी डेस्मिड थोडेच असावयाचे. छेद निसर्गतःच लहान, म्हणून भागाकार मोठा. आणि एकही डेस्मिड न आढळल्यास गणितच निरर्थक होते.

अंशाचीही स्थिती वेगळी नाही. उष्ण प्रदेशात नील-हरित शैवलांचे प्राबल्य असते, हे फ्रिट्श यांनी १९०७ सालीच नमूद केले होते. तेव्हा उष्णतेचा परिणाम पोषणाच्या खाती जमा होण्याचा धोका येथे आहेच. शिवाय सर्व डेस्मिड एकाच स्वभावाचे मानणे हाही दोष होय. पामर यांनी १९६९ साली सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या २० प्रजातींना गुण दिले, त्यांत क्लोस्टेरियम या डेस्मिडाचा समावेश आहे. एका पद्धतीत शुद्धतेचा साक्षीदार ठरणारे शैवल दुसरीत प्रदूषणाचा साक्षीदार ठरते. एकाच नमुन्याला दोन्ही पद्धती लावून दोन्ही आकडे शेजारी मांडणाऱ्या अभ्यासकाने या विसंगतीचा विचार करणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ गुणोत्तर टाकून द्यावे असा नव्हे. एकाच तलावाची त्याच तलावाशी, पावसाळ्यानंतरच्या स्थितीची उन्हाळ्यातील स्थितीशी, एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करण्यास ते उपयोगी पडेल. कारण त्या तुलनेत पाषाणाचा गुण सामान्य राहतो. त्याच्या जोडीस फॉस्फेट, नायट्रेट व विद्राव्य प्राणवायू यांची मोजणी आणि जातींबरोबर त्यांच्या संख्याबळाची नोंद हवी. गोन्साल्विस व जोशी यांनी १९४६ साली वांद्र्याच्या एका तळ्यातील शैवलांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या क्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नमुन्यावरून निवाडा देण्याऐवजी एका तळ्याकडे ऋतूंमागून ऋतू पाहण्याची ती दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

हा वाद केवळ आकडेमोडीचा नाही. डेन्मार्कच्या मापाने मोजल्यास काळ्या पाषाणावरील प्रत्येक तलाव जन्मतःच सुपोषी ठरेल. मग ज्या तलावात निर्माल्य वा सांडपाणी खरोखरच साचते तो, आणि ज्याचे पाणी केवळ भूमीच्या गुणाने कठीण आहे तो, यांत भेद उरणार नाही. सर्वच तलाव दोषी ठरविणारी कसोटी खऱ्या दोषी तलावाला पाठीशी घालते, आणि तलाव राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना कोठून आरंभ करावा हे ती सांगू शकत नाही.