पाव मिलिमीटरची छाटणी

उडालेल्या रायफल-काडतुसाची रिकामी पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सावकाश वाचावी अशी असते. बुडावर ठसे असतात. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीवर ‘के. एफ.’ ही अक्षरे आणि सालाचे आकडे दिसले, तर ती खडकीला घडली असे समजावे. १८६९ पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. ठशांच्या मधोमध टोपी, म्हणजे प्रायमर, आणि तिच्यावर पिनेने पाडलेला खळगा. तिथून वर जाड बूड, मग किंचित निमुळते होत जाणारे अंग, मग एकदम आत वळणारा खांदा आणि शेवटी अरुंद मान. मानेच्या टोकाला तोंड. इथेच गोळी धरलेली होती.

या तोंडावरचे जास्तीचे पितळ, बहुधा पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, कापून काढणारे एक छोटे यंत्र आहे. त्याला केस ट्रिमर म्हणतात. पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजांच्या टेबलावर ते असते, आणि आता बऱ्याच ठिकाणी ते मोटारीवर चालते. एखादी कविता वाचताना कवी कुठे थांबला हे आपण पाहतो. या यंत्राचेही मला तेच पाहावेसे वाटते.

हिंगोलीकराला पुंगळी परकी वाटू नये. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची इथे छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीही उठली, तरी रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे गावात रोजच्या बोलण्यात राहिली. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट हिंगोलीत आहे. पोलिसांच्या गोळीबार सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात, त्यामुळे उडालेल्या पितळेचाही हिशोब असतो हे इथल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. मात्र त्या घरी भरून पुन्हा वापरणे हा आपल्याकडचा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम परवान्याशिवाय दारूगोळा तयार करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत हजारो नेमबाज हे काम गॅरेजमध्ये करतात. तिथे काटकसरीसाठी आणि त्याहून जास्त अचूकतेसाठी ही यंत्रे घडत गेली. शिवाय महाराष्ट्राला रायफल म्हटले की आठवतात त्या तेजस्विनी सावंत आणि पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारे स्वप्नील कुसाळे. त्यांच्या .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. ते एकदा उडाले की कड चेपली जाते आणि पुंगळी संपते. ट्रिमरचा संबंध येतो तो मधोमध टोपी असलेल्या मोठ्या काडतुसाशी. त्यातही खडकीची ती जुनी थ्री-नॉट-थ्री पुन्हा भरायची म्हणून घडलेली नव्हती. तिच्या टोपीखालची ऐरण पुंगळीच्याच पितळेत काढलेली असते, त्यामुळे जुनी टोपी सहजी बाहेर येत नाही.

आता पितळ वाचू. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. या मिश्रणाची वाटी करतात, ती दाबयंत्रात टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळी करतात, आणि प्रत्येक ओढीनंतर धातू कडक होतो म्हणून मधूनमधून तापवून मऊ करतात. लष्करी पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर जी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या शेवटच्या तापवण्याची. ती झाक मला फार आवडते. दुकानात विकल्या जाणाऱ्या काडतुसांवरून बरेच कारखानदार ती पुसून चकाकी आणतात. लष्कर ती तशीच ठेवते, कारण मान तापवली गेली आहे याचा तोच डोळ्यांना दिसणारा पुरावा.

मान तापवण्याचे महत्त्व कळले त्यामागे आपल्याच पावसाळ्याची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात, आणि न उडवताच त्यांच्या पुंगळ्यांना तडे जात. दोष हंगामाचा म्हणून त्या विकाराला हंगामाचेच नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये मांडले गेले: घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून घडवलेल्या पितळेत आधीपासूनच कोंडलेला ताण. तिन्ही एकत्र आले की धातू फाटतो. तापवून ताण काढला की बाहेरचा अमोनिया असूनही पितळ तगते. जिथे रिसाला होता तिथे घोडे होते, तबेले होते आणि आषाढ-श्रावणही होता, म्हणून ही हकिकत वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडच्या जुन्या छावण्या येतात. पितळेला आत ताण असतो, तो बाहेरून दिसत नाही, एवढे या गोष्टीतून लक्षात ठेवून पुढे जाऊ.

गोळी सुटते तेव्हा आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे रायफलमधल्या तिच्या घराच्या, भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाही. दाब उतरला की ती जरा आकसते आणि बाहेर येते, पण पूर्वीच्या मापाची राहत नाही. पुन्हा भरण्यापूर्वी तिला पोलादी डायमध्ये दाबून जुन्या मापात आणावे लागते. अंग सगळीकडून दाबले गेले की पितळेला जायला एकच वाट उरते. लाटण्याखाली कणीक जशी पुढे सरकते, तसे ते मानेकडे सरकते. मानेच्या आतून बाहेर ओढला जाणारा डायचा गोळाही तिला थोडी ताणतो. अशी पुंगळी दर फेऱ्याला केसभर लांब होत जाते.

हे केसभर दुर्लक्ष करण्यासारखे नाही. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे, आणि छाटून तिला सहसा ५०.९३ वर आणतात. कमाल लांबीपुढे गेलेली मान चेंबरच्या शेवटच्या काठावर जाऊन टेकते. बोल्ट लावताना तो काठ तोंडाला आत दाबतो, पितळ गोळीभोवती आवळले जाते, आणि दारू पेटल्यावर गोळीला सुटायला जागा उरत नाही. दाब धोकादायक पातळीवर चढतो. नेमबाजाला यातले काहीच आधी दिसत नाही. फार तर बोल्टचा दांडा थोडा जड लागतो.

तर ही पाव मिलिमीटरची छाटणी. हाताच्या ट्रिमरमध्ये ती छोट्या लेथवर होते: पुंगळीचे बूड पकडीत धरायचे, मानेत मापाचा दांडा घालायचा, मूठ फिरवायची, कापून झाले की पुंगळी काढायची. मग वेगळ्या अवजाराने तोंडाच्या बाहेरची बर काढायची आणि तिसऱ्याने आतून चॅम्फर मारायचा, म्हणजे नवी गोळी बसताना तिचे तांब्याचे आवरण खरवडले जात नाही. शंभर पुंगळ्यांना तीन-तीन वेळा हात लावायचा. बोटे दुखतात आणि थकलेला हात शेवटच्या वीस पुंगळ्यांना पहिल्या वीससारखे कापत नाही.

मोटारीच्या चांगल्या ट्रिमरमध्ये या तीन कृती एका पात्यात आल्या. कार्बाइडच्या पात्याला तीन धारा असतात: एक तोंड सपाट कापते, एक आतला काठ तिरपा करते, एक बाहेरचा. पुंगळी हातात धरून भोकात सरकवायची, किंचित दाबायची, पितळेचा बारीक किस उडतो, आवाज बदलतो आणि कापणे आपोआप थांबते. मग ती अंशभर फिरवून बाहेर घ्यायची. काम काही सेकंदांचे. हिंगोलीतल्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या टर्नरला हे पाहताक्षणी कळेल, आणि त्याची नजर आधी मोटारीकडे जाणार नाही. तो विचारेल, जॉब टेकतो कुठे?

या यंत्राचा सगळा अर्थ त्या टेकण्यात आहे. मोटार फक्त फिरते. तिला पितळ किती कापायचे ते ठाऊक नसते, कितीही जोर लावला तरी कापत राहील. कापणे थांबते ते आतल्या एका स्थिर पृष्ठभागामुळे. त्यावर पुंगळीचा खांदा येऊन टेकतो, आणि त्या क्षणानंतर पाते पितळेपर्यंत पोहोचूच शकत नाही. शक्ती मोटारीची, अक्कल थांब्याची. घडवणाऱ्याने खांदाच का निवडला हेही पाहण्यासारखे आहे. बुडाला कड नसलेली आधुनिक पुंगळी चेंबरमध्येही खांद्यावरच थांबते. रायफल जिथून तिला मोजते, तिथूनच यंत्र मोजते. हे जुळवून आणणाऱ्या माणसाने रायफल नीट वाचली होती, असे मला ठामपणे वाटते.

या निवडीबरोबर एक शिस्तही येते. आधी पुंगळी डायमधून काढायची, मगच ट्रिमरला लावायची. डायमध्ये खांदा जागेवर येतो. त्याआधी कापले तर प्रत्येक पुंगळीचे माप तिच्या स्वतःच्या फुगलेल्या खांद्यावरून धरले जाते आणि शंभर पुंगळ्यांच्या शंभर लांब्या होतात. थ्री-नॉट-थ्रीपुढे तर यंत्राचे गृहीतकच अपुरे पडते. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती त्या कडेवर टेकते. लष्करी रायफलींच्या चेंबरमध्ये खांद्यापुढे ऐसपैस जागा ठेवलेली असते, चिखलमातीतही काडतूस आत जावे म्हणून. गोळी सुटली की खांदा त्या जागेत पुढे ढकलला जातो. खांद्यावरून मोजलेली तिची मान बरोबर भरली तरी बुडापासूनची एकूण लांबी ५६.४४ मिलिमीटरच्या कमाल मापापलीकडे जाऊ शकते. तिथे व्हर्नियर लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

कुठून मोजायचे, हा प्रश्न आता आपल्या हिंगोली जिल्ह्याला जगातल्या सर्वांत कठीण रूपात भेटणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील, आणि अणुगर्भातल्या प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाहून सूक्ष्म फरक त्यांना पकडायचा आहे. तिथे बाहेरची कुठलीही पट्टी चालत नाही, म्हणून एका भुजेचे माप दुसऱ्या भुजेवरूनच घेतात. टेबलावरचा ट्रिमर या मोजणीच्या जवळपासही नाही. पण टेकायची जागा चुकली तर पुढची अचूकता वाया जाते, हा नियम दोघांनाही बांधतो.

इतके कौतुक केल्यावर या यंत्राला काय दिसत नाही तेही सांगायला हवे. तोंडावरून उडणारा तो चमकदार किस आला कुठून? नवे पितळ तर कुणी घातले नव्हते. अंगातून वाहत ते मानेकडे आले, आणि त्यातले बरेचसे बुडाच्या थोडे वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथून निघाले. दर गोळीला पुंगळी त्याच जागी ताणली जाते, दर छाटणीला तोंडावरून थोडी कमी होते. लांबी कागदावर कायम बरोबर राहते आणि आतली भिंत झिजत जाते. ट्रिमर अशा पुंगळीलाही तितक्याच नेमकेपणाने छाटेल.

म्हणून जाणता नेमबाज छाटलेली पुंगळी डबीत टाकण्यापूर्वी उजेडात फिरवतो. बुडाच्या वर बारीक उजळ कडे दिसते का ते बघतो. शंका आली की कागदाच्या क्लिपचे टोक वाकवून आत घालतो आणि भिंतीवरून बुडाकडे ओढत नेतो. टोक एका जागी अडखळले तर आत चर पडली आहे आणि पुढच्या गोळीला बूड अंगापासून सुटू शकते. अशी पुंगळी कितीही सुबक छाटलेली असली तरी तो पकडीने चेपून भंगारात टाकतो, कुणी चुकून पुन्हा भरू नये म्हणून, आणि त्या बॅचमधली प्रत्येक पुंगळी त्याच क्लिपने तपासायला घेतो.