शिमग्याची आरोळी आणि मैदानावरची शिवी : सामूहिक अपशब्दांच्या सांस्कृतिक समर्थनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत शिवीची चर्चा प्रामुख्याने अश्लीलतेच्या अंगाने झालेली आहे. विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' या दोन्ही कृती १९७२ सालच्या. त्यांनी पांढरपेशा अभिरुचीला जो धक्का दिला त्यातून निर्माण झालेला वाद 'असे शब्द लिहावेत की लिहू नयेत' या प्रश्नाभोवतीच बराच काळ फिरत राहिला. शिवी एक माणूस रागाच्या भरात उच्चारतो तेव्हा आणि हजारो माणसे ती एका सुरात, टाळ्यांच्या ठेक्यावर उच्चारतात तेव्हा तिचे स्वरूप एकच राहते काय, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांकडून दिल्या जाणाऱ्या अपमानकारक घोषणांमुळे हा प्रश्न आज जगभर चर्चेत आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मालवणी मुलखात शिवी ही आपुलकीची खूण मानली जाते. 'मालवणी माणसाच्या तोंडात शिवी असली तरी पोटात काही नसते' असे कौतुकाने सांगितले जाते. मैदानावरील शिवीगाळीचे समर्थनही जगभर याच धर्तीवर केले जाते. 'ही आमची संस्कृती आहे, त्यात अपमानाचा हेतू नाही' हा त्या समर्थनाचा गाभा. प्रस्तुत लेखात शिमगा, मालवणी रंगभूमी आणि क्रीडांगण या तीन अवकाशांतील सामूहिक अपशब्दांची तुलना करून या समर्थनाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

शिमगा : परवानगीची शिवी

फाल्गुन पौर्णिमेला अपशब्द उच्चारण्याच्या प्रथेला पौराणिक आधार दिला जातो. भविष्योत्तर पुराणातील ढुंढा राक्षसीच्या कथेनुसार ही राक्षसी मुलांना पीडा देत असे. मुलांनी अग्नीभोवती आरडाओरडा करून, अर्वाच्य शब्द उच्चारून तिला पळवून लावावे असा उपाय तेथे सांगितला आहे. म्हणजे परंपरेने शिवीला मान्यता दिली ती एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट कार्यासाठी आणि मनुष्येतर लक्ष्यासाठी.

सिंधुदुर्गातील शिमग्यात ही मर्यादा आजही दिसते. गावोगावी शिमग्याचे दिवस वेगवेगळे असले तरी ते ठरलेले असतात. होळी कोठे उभी करायची, मांडावर प्रथम कोणी यायचे, गाऱ्हाणे कोणी घालायचे हे बारा-पाच मानकऱ्यांच्या रीतीने निश्चित असते. बोंब मारणे, शबय मागत दारोदार फिरणे, राधा नाचवणे, रोंबाट काढणे या सर्व गोष्टींना आरंभ आहे आणि शेवटही आहे. धुळवड संपली की आरोळीही संपते. तीच आरोळी चैत्रात कोणी ठोकली तर तिला शिमगा म्हणत नाहीत, भांडण म्हणतात.

येथे गाऱ्हाण्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. गाऱ्हाण्यात एक जण देवापुढे गावाची मागणी मांडतो आणि जमलेला समूह प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' असा एकमुखी होकार देतो. एकाने उच्चारायचे आणि सर्वांनी उचलून धरायचे, ही रचना मैदानावरील घोषणेचीही आहे. रचना समान असूनही परिणाम भिन्न आहे. गाऱ्हाण्यातील समूह स्वतःसाठी काही मागतो; शिवीच्या घोषणेतील समूह दुसऱ्याकडून काही हिरावून घेतो. एकमुखी उच्चारात व्यक्तीची जबाबदारी विरघळते हे दोन्हीकडे खरे आहे. म्हणूनच त्या उच्चारात काय भरले जाते याला महत्त्व आहे.

मिखाईल बाख्तिन यांनी राबेलेवरील आपल्या ग्रंथात (१९६५) उत्सवी हास्याचे जे विवेचन केले आहे त्याचा आधार अशा वेळी हमखास घेतला जातो. परंतु त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा बहुधा निसटतो. बाख्तिन यांच्या मते उत्सवात नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो आणि हसणाराही त्या हास्याच्या कक्षेत असतो. शिमग्यात आज ज्याच्या दारात आरोळी ठोकली तो उद्या दुसऱ्याच्या दारात आरोळी ठोकू शकतो. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये मांडलेली 'थट्टेच्या नात्या'ची कल्पनाही येथे उपयोगी पडते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यात अपशब्द खपून जातात, कारण नाते आधी असते आणि शिवी नंतर येते.

तथापि शिमग्याचे आदर्शीकरण करणे योग्य होणार नाही. मॅक्स ग्लकमन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे बंडाचे विधी बहुधा प्रस्थापित व्यवस्था बळकटच करतात. खोताच्या नावाने बोंब मारणारे कूळ होळीची राख निवल्यावर पुन्हा कूळच राहत असे. स्त्रीच्या वाट्याला तर परतफेडीचा हक्क क्वचितच आला. राधा नाचते ती पुरुषाच्या अंगावर लुगडे नेसून. खरी स्त्री दाराआडून ऐकत राहते. शिमग्याची परस्परता खरी आहे, पण ती पुरुषांपुरती आणि तीही बरोबरीच्या पुरुषांपुरती, हे नमूद करणे भाग आहे.

रंगभूमी : चौकटीतील शिवी

दशावतारी धयकाल्यात आडदशावताराच्या भागात येणारा संकासुर मालवणीत बोलतो, प्रेक्षकांची फिरकी घेतो, प्रसंगी मर्यादा ओलांडतो. परंतु तो मुखवटा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण' (१९८०) या नाटकाने हीच परंपरा व्यावसायिक रंगभूमीवर नेली. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने मालवणी बोलीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वश्रुत आहे. हजारो प्रयोगांतून मुंबईतील कोकणी माणसाला आपली बोली, तिच्यातील 'मेल्या'सकट, अभिमानाने ऐकता आली. त्यापूर्वी मराठी नाटकात मालवणी बोलणारे पात्र बहुधा दुय्यम विनोदापुरतेच असे. त्या अर्थाने 'वस्त्रहरण'मधील शिवी ही बोलीच्या मुक्तीचा भाग ठरली.

या नाटकातील हास्याचे लक्ष्य तपासले असता असे दिसते की तेथे हसले जाते ते मुख्यतः नाटक बसवू पाहणाऱ्या गावाच्या फजितीला. ते गाव स्वतःवरच हसते. सरपंचाचा मान राहत नाही, धृतराष्ट्राचाही राहत नाही. मात्र या यशाचा एक अनपेक्षित परिणामही झाला. नाटकातील शिवी ही संपूर्ण मालवणी स्वभावाची ओळख ठरली आणि चौकटीतून सुटून विनाचौकट वापरली जाऊ लागली. रंगमंचावर जे पात्राचे बोलणे होते ते बाहेर 'आमचे असेच असते' या सबबीत रूपांतरित झाले. हा दोष नाटकाचा नव्हे, त्याच्या स्वीकाराचा आहे.

शब्दाकडेही पाहणे आवश्यक आहे. 'मेल्या' हा शब्द ज्याला उद्देशून आहे त्याच्यापाशीच थांबतो. 'रांडेच्या' हा शब्द मात्र ऐकणाऱ्याला ओलांडून त्याच्या आईपर्यंत जातो. 'रांड' म्हणजे विधवा आणि वेश्याही. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत आढळतात. नवरा नसलेली स्त्री आणि चारित्र्य नसलेली स्त्री यांना एकच शब्द पुरवणारी समाजरचना त्या प्रेमळ शिवीत शिल्लक असते. उच्चारणाऱ्याच्या पोटात काही नसेलही; शब्दाच्या पोटात मात्र आहे.

क्रीडांगण : परतफेड नसलेली शिवी

आंबोली किंवा फोंडा घाट चढून गेल्यावर कोल्हापुरात फुटबॉलची स्वतंत्र परंपरा आढळते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावेच सांगतात की येथे संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. शाहू स्टेडियमवर होणाऱ्या सामन्यांत पेठेची अस्मिता पणाला लागते. ही निष्ठा कौतुकास्पद असली तरी प्रेक्षकांची शिवीगाळ आणि हुल्लडबाजी ही त्या परंपरेची दुखरी बाजू आहे. तिच्याविषयीची खंत खुद्द फुटबॉलप्रेमींनीच वेळोवेळी व्यक्त केली आहे.

अशा शिवीगाळीला 'मैदानावरचा शिमगा' म्हणण्याचा मोह होतो. परंतु वर सांगितलेले निकष लावले असता हे साम्य टिकत नाही. पहिला निकष परस्परतेचा. प्रेक्षक शिवी देऊ शकतो, खेळाडू मात्र उत्तर देऊ शकत नाही. दिल्यास पंच त्याला कार्ड दाखवतो. जानेवारी १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोना यांनी अपशब्द उच्चारणाऱ्या प्रेक्षकावर लाथ उगारली आणि त्यांना सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी सोसावी लागली. कँटोना यांचे कृत्य समर्थनीय नव्हते. पण दोन बाजूंच्या स्थानातील विषमता त्यातून स्पष्ट होते. २१ मे २०२३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे व्हिनिसियस ज्युनियर या कृष्णवर्णीय खेळाडूला प्रेक्षकांनी वर्णद्वेषी शब्दांनी हिणवले. त्याच सामन्यात झटापटीबद्दल लाल कार्ड मिळाले ते त्यालाच; नंतर ते रद्द करण्यात आले. जून २०२४ मध्ये तीन प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

दुसरा निकष लक्ष्याचा. खेळाडूने चेंडू दवडला म्हणून ओरडणे वेगळे आणि त्याचा वर्ण, जात, आई, बहीण यांचा उद्धार करणे वेगळे. पहिल्यात त्याच्या कृतीवर टीका आहे. दुसऱ्यात त्याच्या असण्यावरच आघात आहे. हा दोष परदेशापुरता मर्यादित नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सायमंड्स यांना आधी वडोदऱ्यात आणि नंतर मुंबईच्या वानखेडे मैदानावर माकडाचे आवाज व हावभाव करून हिणवण्यात आले. सुरुवातीला तो गैरसमज असल्याचे सांगण्यात आले. वानखेडेवर काही प्रेक्षकांवर कारवाई झाल्यानंतर ते म्हणणे टिकले नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत महंमद सिराज यांच्याबाबत तसाच प्रकार घडला तेव्हा भारतीय समाजमन संतप्त झाले. सिडनीत जे अपमानकारक ते वानखेडेवर गंमत, ही भूमिका तर्कास धरून नाही.

तिसरा निकष मर्यादेचा. सामना संपला तरी घोषणा संपत नाही. ती भ्रमणध्वनीवरील चित्रफितीत साठते आणि पुढच्या सामन्याला व्याजासह परत येते. शिमग्याची राख होते, मैदानावरच्या शिवीची होत नाही.

संस्कृतीची सबब आणि कायद्याच्या मर्यादा

'आमच्याकडे या शब्दाचा अर्थ तसा नाही' हा युक्तिवाद मेक्सिकोच्या प्रेक्षकांनीही केला. प्रतिस्पर्धी गोलरक्षकाला उद्देशून दिल्या जाणाऱ्या, समलिंगी व्यक्तींचा अवमान करणाऱ्या घोषणेबाबत २०१४ च्या विश्वचषकात फिफाने तो मान्य करून कारवाई टाळली. घोषणा थांबली नाही आणि पुढे त्याच घोषणेसाठी मेक्सिकोच्या महासंघाला वारंवार दंड भरावा लागला. अर्थ ठरवण्याचा अधिकार केवळ उच्चारणाऱ्याकडे सोपवल्यास काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

केवळ कायद्याने प्रश्न सुटतो असेही नाही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने मैदानावरील अश्लील व वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरवल्या. स्कॉटलंडने २०१२ मध्ये फुटबॉलमधील आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो संदिग्ध आहे आणि केवळ फुटबॉलप्रेमींनाच लक्ष्य करतो या टीकेनंतर २०१८ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांविषयी आहे; अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(स) हे लोकांसमक्ष केलेल्या जातिवाचक शिवीगाळीविषयी आहे. या दोन तरतुदींतील फरक लक्षणीय आहे. पहिली ऐकणाऱ्याच्या अभिरुचीचे रक्षण करते, दुसरी ज्याला शिवी दिली त्याच्या प्रतिष्ठेचे. मराठी समीक्षेनेही पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळणे आवश्यक आहे. ढसाळांच्या कवितेतील शिवी अश्लील वाटली तरी ती दुर्बलाने व्यवस्थेला दिलेली आहे. मैदानावरील एखादी घोषणा शब्दाने सौम्य असूनही हजारांनी एकट्याला चिरडणारी असू शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की शिवीचे मूल्यमापन तिच्यातील शब्दांवरून नव्हे, तर तिच्या रचनेवरून व्हावयास हवे. ती केव्हा संपणार आहे, ज्याला दिली त्याला ती परत देता येते काय आणि ती कृतीवर थांबते की जन्मावर जाते, हे तीन प्रश्न विचारल्यास आपुलकी आणि अवमान यांतील भेद बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. शिमगा या कसोटीवर अंशतः उतरतो, 'वस्त्रहरण' बहुतांशी उतरते, मैदानावरील जन्मवाचक घोषणा मात्र मुळीच उतरत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा केवळ सैद्धांतिक प्रश्न नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने, युवा महोत्सव आणि स्नेहसंमेलन यांत विद्यार्थी समूहाने घोषणा देण्याचे पहिले शिक्षण घेतात. तेथे मालवणी बोलीवर सरसकट बंदी घालणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यातून प्रमाणभाषेचा जुना अहंकारच पुन्हा प्रस्थापित होईल. परंतु बोलीच्या अभिमानाआड मैदानावरच्या मुलीला, वेगळ्या जातीच्या वा वर्णाच्या खेळाडूला एकटे पाडले जात असेल आणि प्राध्यापकवर्ग 'आमच्याकडे असेच असते' म्हणून हसत असेल, तर तो अपमान केवळ विद्यार्थ्यांचा राहत नाही. त्यात संस्थेचाही होकार मिसळलेला असतो. 'व्हय म्हाराजा' कशाला म्हणायचे, हे समूहाला शिकवावे लागते.