गणेशखिंडीच्या वास्तूचा इतिहास कुठून सांगायचा?

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा इतिहास आपण ज्या रीतीने सांगतो, ती रीतच आज तपासून पाहू. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ साली काम सुरू झालं, १८७१ मध्ये संपलं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. गव्हर्नरसाहेबांच्या या निवासावर खर्च इतका झाला, की ब्रिटिश संसदेतही उधळपट्टीची ओरड झाली. हे सगळं खरं. पण हा इतिहास दगडांचा आणि मालकांचा झाला.

आता १८९७ साल घ्या. पुण्यात प्लेगची साथ. रँड यांच्या प्लेग समितीच्या हुकमाने गोरे सोल्जर रोगी शोधायला लोकांच्या घरांत शिरले, थेट माजघरापर्यंत. पुढे २२ जूनच्या रात्री याच वास्तूत व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा झाला आणि तिथून परतताना चाफेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही हकीकत आपण सांगतो, पण रस्त्यावरची म्हणून. वास्तूच्या माहितीत तिला फारशी जागा नसते.

कुणी म्हणेल, इमारतीची गोष्ट स्थापत्यापुरतीच ठेवा, राजकारण कशाला? बरं, मग खर्चावरून संसदेत झालेली ओरड तरी काय होती? ते राजकारण चालतं आणि हे चालत नाही, असं का? रयतेचा उंबरठा बेधडक ओलांडणारी सत्ता स्वतः मात्र पहाऱ्याआड राहत होती. हे घर कशासाठी होतं, ते इथे कळतं.

त्याच साथीत, या सोहळ्याच्या तीन-साडेतीन महिने आधी, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनाही लागण झाली होती. १९४९ मध्ये या वास्तूत विद्यापीठ आलं आणि २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं.

तत्त्वज्ञानात आम्ही विचारतो, वस्तूचं प्रयोजनच बदललं तर ती वस्तू तीच राहते का? इथे भिंती त्याच आहेत, पण राज्य करण्याचं घर आता शिकण्याचं घर झालं आहे. हा बदल नुसत्या नामफलकाने समजत नाही, तो सांगावा लागतो. म्हणून वारसा-फेरीत मनोऱ्याची उंची जरूर सांगा, पण १८९७ सालच्या या दोन्ही तारखाही सांगा. इथे शिकायला येणाऱ्या मुलीला, आपण कुणाच्या घरात कुणाच्या नावाने बसलो आहोत, एवढं तरी कळायला हवं.