मराठी पवित्र शास्त्राच्या आवृत्ती : एक परीक्षण

इ. स. १८०५ ह्या एकाच सालात मराठी लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे दोन धर्मग्रंथ दोन दूरच्या ठिकाणी छापून निघाले. मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन ह्यांनी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरवून भगवद्गीता छापविली. आणि बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी ह्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर छापले. मिरजेच्या गीतेचा उल्लेख आपल्याकडील मुद्रणेतिहासात हटकून होतो. केरीच्या पुस्तकापासून पुढे जी दोनशे वर्षांची भाषांतरपरंपरा निघाली, तिच्याकडे मात्र संशोधकांनी ‘मिशनऱ्यांचे वाङ्मय’ म्हणून दुरूनच पाहिले. हा ग्रंथ ज्यांच्या नित्यपाठात आहे त्यांनीही त्याच्या निरनिराळ्या आवृत्तींची तुलना क्वचितच केली. प्रस्तुत लेखात ती तुलना थोडक्यात करण्याचा आमचा हेतू आहे.

सातारा व सांगली ह्या भागांतील संग्राहकांस हा विषय परका वाटू नये. सातारा व वाई ही अमेरिकन मराठी मिशनची ठाणी होती. सांगली व मिरज येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम चालले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वीच्या कागदांत ह्यांपैकी पुष्कळ गावे एकाच जिल्ह्याखाली सापडतात. ह्या गावांतील जुन्या ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राच्या ज्या प्रती आहेत त्या सर्व एकाच ग्रंथाच्या होत असे मानण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे. आजोबांची प्रत व नातवाची प्रत ह्यांत मूळ संहिता, शब्द व कधीकधी वाक्येही निराळी असतात.

कोणत्याही भाषांतराचे परीक्षण करताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. ते कोणत्या मूळ संहितेवरून केले? त्यातील मराठी शब्द कोठून आले? आणि भाषांतरकाराने अगर संपादकाने आपल्या कृत्यांचा हिशेब वाचकांस दिला आहे काय? तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि आपल्या आवृत्ती बहुधा त्यातच उण्या पडतात.

प्रथम परंपरेचा क्रम पाहू. केरी ह्यांना फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडिताचे साहाय्य होते. श्रीरामपूरच्या छापखान्यात मराठीसाठी देवनागरी व मोडी असे दोन्ही प्रकारचे खिळे पाडले गेले होते, आणि केरीचा १८१० चा मराठी कोश मोडीत छापला गेला, ही गोष्ट मोडीच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. परंतु बंगालमध्ये बसून केलेली ही मराठी पश्चिम महाराष्ट्रात चालेना. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल प्रभृती अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम स्वतंत्रपणे हाती घेतले व १८२६ साली त्यांचा संपूर्ण नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी हॉल मरण पावले. पुढील उजळण्या बायबल सोसायटीच्या आश्रयाने झाल्या आणि त्यांत बाबा पदमनजी ह्यांच्यासारख्या जातिवंत मराठी लेखकांचा हात लागला. ह्यावरून सध्याच्या प्रचलित भाषांतरास एक कर्ता नाही, तर अनेक हातांनी घडत गेलेला तो ग्रंथ आहे, हे ध्यानात येईल.

आता शब्दांकडे वळू; कारण दप्तरांचा परिचय असणाऱ्या वाचकास येथे खरी मेजवानी आहे. ‘जुना करार’ व ‘नवा करार’ ही ग्रंथाच्या दोन भागांची नावेच घ्या. करार हा अरबी शब्द, फारसीच्या द्वारे आपल्या दप्तरांत आलेला. करारमदार, कौल, तह ह्यांच्या पंक्तीतला. देव व मनुष्य ह्यांच्यामधील संबंधास भाषांतरकारांनी संस्कृतातून एखादा भारदस्त शब्द आणला नाही, कचेरीतला आणला. पाटलापासून सरदारापर्यंत प्रत्येकास कराराचे बंधन समजत असे, म्हणून तो शब्द चपखल बसला. ‘जकातदार’ हाही तसाच. शुभवर्तमानांत लोक ज्याचा तिटकारा करतात त्या रोमी राज्याच्या वसूलदारास हे नाव देताच, नाक्यावर अडवणूक सोसलेल्या वाटसरूस निराळे स्पष्टीकरण नको होते. ‘बेखमीर’ भाकरीतील खमीर मुसलमानी मुदपाकखान्यातून आले, आणि ‘वल्हांडण’ हा सणाचा शब्द मात्र ओलांडणे ह्या घरच्या क्रियापदाच्या कुळातला. संहारकाने इस्राएलांची घरे ओलांडून जाणे हा त्या सणाचा गाभा असल्यामुळे त्याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाही.

‘शुभवर्तमान’ ह्या शब्दाची गती निराळी झाली. पेशवेकालीन पत्रांत वर्तमान म्हणजे बातमी. त्या काळच्या वाचकास शुभवर्तमान म्हणजे आनंदाची खबर, हे उघड होते. आजच्या शाळकरी मुलास वर्तमान म्हणजे व्याकरणातील चालू काळ. ‘अनुवाद’ ह्या ग्रंथनामाचे तर हसूच होते. मोशेने नियमशास्त्र लोकांपुढे पुन्हा सांगितले ते पाचवे पुस्तक म्हणजे ‘अनुवाद’, अर्थात सांगितलेले पुन्हा सांगणे. ह्या शब्दाचा आज भाषांतर हाच अर्थ रूढ झाल्यामुळे, ते पुस्तक भाषांतराविषयीचे असावे असा समज नवख्याचा होतो. ‘तारण’ हा शब्द उपासनेत उद्धाराच्या अर्थी उच्चारला जातो, आणि तोच पेढीवर गहाण ठेवलेल्या जिनसेस लागतो. पहिला अर्थ तारणे ह्या क्रियेपासून उघड निघतो. परंतु दोन्ही अर्थ ज्याच्या कानी आहेत तो वाचक क्षणभर अडखळतो.

हे शब्द जुने झाले, सबब काढून टाकावेत, असे नव्या सोप्या भाषांतरांच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असते. हे शब्द पवित्र झाले, सबब त्यांस हात लावू नये, असे दुसरा पक्ष म्हणतो. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. ज्या शब्दाचा अर्थ बदलला तेथे तळटीप हवी. शब्द उचलून टाकल्याने त्याबरोबर दोनशे वर्षांची पाठांतरे, भजने व प्रार्थनाही तुटतात. आणि टीप न देता ठेवल्याने वाचक चुकीचा अर्थ घेऊन उठतो.

ह्या प्रश्नास सर्वांत धीटपणे तोंड दिले ते पंडिता रमाबाईंनी. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या ह्या बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील बायकांनी त्याचे खिळे जुळविले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या व १९२४ साली तो ग्रंथ पूर्णपणे प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अशिक्षित स्त्रियांस कळत नाहीत आणि त्यांतील काही शब्द आपल्याबरोबर जुन्या दर्शनांचे अर्थ घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतावर ज्यांचे प्रभुत्व निर्विवाद त्यांनीच ही तक्रार करावी, ह्यात तिचे वजन आहे. त्यांच्या भाषांतरात मुळाच्या शब्दक्रमास धरून राहण्याच्या आग्रहाने वाक्ये जागोजाग ताठर झाली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. मोठ्याने वाचावयास ते प्रचलित भाषांतराइतके सुखकर नाही. तथापि एका विदुषीने एकटीच्या हिमतीवर, एका ठरावीक वाचकवर्गास डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे काम असल्यामुळे त्यातील प्रत्येक निवड हेतुपूर्वक झालेली आहे. संग्राहकांनी १९२४ ची प्रत केवळ दुर्मिळ म्हणून न जपता प्रचलित प्रतीशेजारी ठेवून वाचावी.

ह्याच्या उलट टोकास गोव्याचे उदाहरण आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध पुराण होय. आणि त्यात स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास कवीस संकोच वाटला नाही. जुन्या शब्दात नवा अर्थ भरता येतो, असा स्टीफन्स ह्यांचा विश्वास. जुना अर्थ शब्दाबरोबर येतोच, अशी रमाबाईंची धास्ती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा सारा इतिहास ह्या दोन टोकांमध्ये हेलकावे घेत आला आहे.

आता संहितेचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भाषांतरकारांपुढे नव्या कराराची जी छापील ग्रीक संहिता होती ती तुलनेने उशिराच्या हस्तलिखितांवर आधारलेली होती. पुढे सीनाय पर्वतावरील मठात चौथ्या शतकातील पोथी टिशेनडॉर्फ ह्यांस मिळाली, आणि १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांतून जुन्या कराराच्या फार प्राचीन गुंडाळ्या हाती आल्या. मार्काच्या शेवटच्या बारा ओळी, योहानातील व्यभिचारी स्त्रीचे प्रकरण, योहानाच्या पहिल्या पत्रातील तीन साक्षीदारांचे वाक्य, हे भाग प्राचीनतम ग्रीक पोथ्यांत नाहीत. त्यामुळे नव्या आवृत्तींत कोठे कंस येतो, कोठे ओळ गळते. आजीच्या प्रतीत असलेले वाक्य नव्या प्रतीत न सापडल्यास भाविकास शास्त्राची छाटाछाट झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा तो संशय दूर करणे हे संपादकाचे ऋण होय.

आमच्या वाचकांस ह्यात नवे काही नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत आपण हेच पाहिले आहे. एकनाथांनी शके १५०६ त प्रत शुद्ध केली. राजवाडे ह्यांनी १९०९ साली जुन्या पोथीवरून निराळी संहिता छापली. तेव्हा घरोघरच्या पाठाशी ती जुळेना म्हणून वाद माजला. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांविषयी आपण जी चिकित्सा करतो तीच पवित्र शास्त्रास लावण्यात अनादर नाही. उलट, जो ग्रंथ आपण पूज्य मानतो त्याचे अक्षर कोठून आले हे जाणणे हीच त्याची सेवा होय.

अलीकडील कामांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ विशेष उल्लेखनीय आहे. चर्चबाहेरील मराठी वाचकासही त्याने आपलेसे केले. २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या ह्या लेखकास मराठीचा कान होता, आणि पार्श्वभूमी समजावून देण्याची कळकळही. निव्वळ सोपेपणा हाच ज्यांचा गुण अशी जी दुसरी भाषांतरे आहेत ती प्रथम वाचनास उपयोगी पडतात. अभ्यासास ती एकटी पुरत नाहीत. विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी : प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तके असतात, संपूर्ण कॅथलिक आवृत्तीत ७३. मुखपृष्ठावरून हा भेद कळतोच असे नाही.

उपासनेच्या पुस्तकांत साताऱ्याचा मान मोठा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास राहिले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. अभंग, ओवी व भजन ह्यांच्या चालींत ख्रिस्तभक्ती त्यांनी अशी आणली की पुढील गीतसंग्रहांस त्यांच्यावाचून शोभा राहिली नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ साली त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. अशा दोन हातांच्या ग्रंथात कोणता अध्याय कोणाचा हे प्रत्येक आवृत्तीत ठळक छापले गेले पाहिजे. गीतसंग्रहांतही कर्त्याचे नाव, वर्ष व मूळ पाठ ह्यांची नोंद हवी. नाहीतर चालीस सोईचा म्हणून बदललेला शब्द उद्या कवीच्या नावावर खपेल.

सारांश, सार्वजनिक वाचनास प्रचलित भाषांतर, अभ्यासास त्याच्या जोडीला रमाबाईंचे, आणि अर्थ समजून घेण्यास सटीप नवी आवृत्ती, अशी आमची शिफारस आहे. प्रकाशकांस सुचवावयाचे ते एवढेच की, आरंभीच्या पानावर मूळ संहिता, उजळणी करणारे व उजळणीचे वर्ष छापावे, आणि अर्थ बदललेल्या शब्दांची यादी शेवटी जोडावी. संग्राहकांस विनंती अशी की, सातारा, वाई, सांगली, मिरज येथे जुनी प्रत आढळल्यास तिचे मुखपृष्ठ फाटले म्हणून ती टाकू नये. छापखाना, साल, पुस्तकांची संख्या व ‘करार’, ‘तारण’, ‘जकातदार’ ह्या तीन शब्दांच्या जागी त्या प्रतीत काय आहे, एवढे टिपून ठेवावे. कोऱ्या पानांवर जन्म, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदी असल्यास त्यांचीही नक्कल करावी. दोनशे वर्षे अनेक हातांनी घडलेल्या ह्या ग्रंथाचा इतिहास अशा टिपणांतूनच उभा राहील; प्रती रद्दीत गेल्यावर तो कोणासही लिहिता येणार नाही.