वऱ्हाडातील प्रसंगचित्रण : विपुलता आणि विवेक

यात्रा, दिंड्या, पुण्यतिथ्या, सभा, शंकरपट आणि लग्ने यांनी ज्याचे वर्षाचे पंचांग भरून गेलेले आहे, अशा वऱ्हाडात प्रसंगाचे छायाचित्र घेणाऱ्याला कामाची ददात पडावी असे कधी झाले नाही व पुढेही होणार नाही. आणि आज अमरावती व अकोला या दोन शहरांत या व्यवसायाचा जो विस्तार झालेला दिसतो, तो पाहता त्याच्या भरभराटीविषयी शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही. लग्नसराईच्या महिन्यांत चांगल्या फोटोग्राफरची तारीख मिळविण्यासाठी मंगल कार्यालयाच्याही आधी बयाणा द्यावा लागतो, गणपतीच्या मिरवणुकीत ड्रोन घिरट्या घालीत असतात, आणि पुढाऱ्याची सभा संपून तो मोटारीत बसण्यापूर्वीच त्याची छबी तालुकाभर पोहोचलेली असते. तथापि कोणत्याही कलेची स्थिती तिच्या उत्पन्नावरून ठरवावयाची नसते. चालू प्रसंगातील अकृत्रिम क्षण टिपण्याची विद्या ही मुख्यतः यंत्राची विद्या नसून प्रसंगाच्या ज्ञानाची विद्या आहे. ते ज्ञान वऱ्हाडातील फोटोग्राफरला गावातून आणि घरातून आपसूक मिळालेले असते, परंतु यंत्र जसजसे चपळ होत गेले तसतसा तो या वडिलार्जित मिळकतीचा उपयोग कमी करीत चालला आहे, असे या आढाव्यात मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेण्याच्या काळात माणसाला श्वास रोखून बसावे लागे, आणि म्हणून त्या काळची चित्रे जेवढी भारदस्त तेवढीच निश्चल आहेत. 1897 च्या डिसेंबरात सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरलेले काँग्रेसचे अधिवेशन, किंवा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नासाठी 13 नोव्हेंबर 1927 रोजी इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली परिषद, यांची हकीकत आपल्यापर्यंत प्रामुख्याने अक्षरांतून आली; सभागृहातील शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या मुद्रेवर त्या दिवशी काय उमटले होते, हे कळण्याचे साधन आपल्याजवळ नाही. 1925 मध्ये लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकार तिकाटण्याच्या दास्यातून मुक्त झाला. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने 1952 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, प्रसंगाचा अर्थ आणि त्याची आकृती ज्या एका निमिषात जुळून येतात ते निमिष ओळखणे हेच या कलेचे सार होय, असा सिद्धान्त मांडला. आपल्याकडे नारायण विनायक विरकरांनी 1919 च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. होमाई व्यारावालांनी सत्तांतराच्या काळातील दिल्ली टिपली. संदेश भंडाऱ्यांनी तमाशा आणि पंढरीची वारी यांना ग्रंथरूप दिले. खुद्द अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी चित्रमालिका केली, तिचे बळ कॅमेऱ्याच्या किमतीत नसून त्या माणसांत दीर्घकाळ वावरण्यात आहे, ही गोष्ट आपल्या भागातील तरुणांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष स्थितीकडे वळू. या व्यवसायाचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणजे लग्न, आणि तेथे सध्या दोन दरबार भरलेले असतात. एकाला धंद्यात ‘ट्रॅडिशनल’ म्हणतात, व त्याचे काम नातेवाइकांच्या हजेरीची नोंद ठेवणे हे असते. दुसरा ‘कॅंडिड’, ज्याने कोणास न सांगता खरे भाव टिपावेत अशी अपेक्षा असते व ज्याचा दरही त्या मानाने चढा असतो. परंतु लग्नात थोडा वेळ उभे राहून पाहिले तर या दुसऱ्याच्या तोंडून, “हासा जरासे, पन इकडे पाहू नोका,” असे फर्मान सुटताना ऐकू येते, आणि नवरीला हळदीचा हात गालावर पुन्हा एकदा, या खेपेस सावकाश, फिरवून घ्यावा लागतो. सहजता मागणीबरहुकूम तयार करून देण्याचा हा कारखाना आहे. त्यातून निघणारी चित्रे सुबक असतात याबद्दल वाद नाही. पण अचलपूरच्या लग्नातील नवरी आणि बाळापूरच्या लग्नातील नवरी यांचे हसू एकाच साच्यातून काढलेले दिसते, आणि वर्षभरानंतर अल्बम उघडला तर ते लग्न वऱ्हाडात लागले की अन्यत्र, याचा पुरावा त्यात शोधूनही सापडत नाही.

वस्तुतः लग्नविधी हा क्षणचित्रकारासाठी फार विचारपूर्वक रचलेला ग्रंथ आहे. गोरज मुहूर्त असेल तर प्रकाश मिनिटामिनिटाला उतरत असतो. शेवटच्या मंगलाष्टकाला भटजींचा आवाज चढतो, अक्षतांच्या मुठी वळतात, आणि अंतरपाट दूर होताच माळा, वाजंत्री, अक्षता व टाळ्या यांचा असा काही एकच कल्लोळ होतो की पाहण्यासारखे जे असते ते दोन-तीन सेकंदांत आटोपते. ज्याला मंगलाष्टकांची चाल ठाऊक आहे त्याला हे निमिष आधी कळते. ज्याला ठाऊक नाही तो सेकंदाला वीस चित्रे घेणारा कॅमेरा लावून ठेवतो आणि नंतर त्यांतले एक निवडतो. परंतु खरा जाणता याहून पुढे जातो. ज्या घरांत मुलीच्या आईने लग्न लागताना पाहू नये, तिने तुळशीला पाणी घालावे, अशी रीत अद्याप पाळली जाते, तेथे त्या घटकेचे सर्वांत उत्कट चित्र मंचावर नसून मागच्या बाजूला, तांब्यावरच्या एका हातात व मंगलाष्टकांकडे लागलेल्या कानात असते. मंचावर चार कॅमेरे एकमेकांना ढकलीत उभे असताना त्या तुळशीपाशी एकही नसावा, यापरते या कलेच्या सद्यःस्थितीचे नेमके वर्णन दुसरे करता येणार नाही.

हीच कसोटी अकोल्याच्या कावडयात्रेला लावून पाहावी. श्रावणातील शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जलाभिषेक करण्यासाठी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन हजारो तरुण रात्रभर अनवाणी चालत शहरात येतात. अंतर सुमारे अठरा किलोमीटरचे, आणि मोठ्या मंडळांच्या कावडींना भरण्यांच्या, म्हणजे पाण्याच्या घागरींच्या, रांगाच्या रांगा बांधलेल्या. वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी जी चित्रे येतात ती बहुधा उंचावरून घेतलेली असतात : गर्दीचा विस्तार, गुलाल, फुलांनी सजविलेली पालखी. अशा चित्रांचे वृत्तमूल्य मान्य करूनही म्हणावे लागते की, यात्रेचा आशय त्यांत येत नाही. तो येतो खांदा बदलण्याच्या क्षणी. घडी घालून ठेवलेला दुपट्टा बांबूखाली घामाने भिजून सरकलेला असतो, मागच्या गड्याने आपला खांदा पुढे केलेला असतो, भार अर्धा एकावर व अर्धा दुसऱ्यावर असतो, घागर हिंदकळून पाण्याची धार पाठीवर येते, आणि मोकळा झालेला माणूस लगेच बाजूला न होता आणखी चार पावले कावडीला हात लावून चालतो. हे पाहण्यासाठी त्याच उंचीवर, त्याच गतीने आणि शक्य तर काही कोस त्याच रस्त्याने चालावे लागते. जे छायाचित्रकार गांधीग्रामपासून सोबत येतात त्यांच्या चित्रांत आणि जे वेशीवर उभे राहून यात्रेची वाट पाहतात त्यांच्या चित्रांत जे अंतर पडते, ते भिंगाने भरून निघत नाही.

अमरावतीकडे या विषयात अभिमानाने सांगण्याजोगी एक जागा आहे, ती म्हणजे 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याच्या खेळाडूंनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबाचे छायाचित्र हे कठीण काम आहे. गतीला गोठविण्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते, आणि ते करताच व्यायामशाळेतला प्रकाश अपुरा पडतो. पण याहून मोठी अडचण ज्ञानाची आहे : अढीतून दसरंगाकडे खेळाडू कोणत्या श्वासाला वळणार, फराऱ्यात शरीर खांबापासून पुरते ताणले गेल्यावर ते किती काळ तसे राहणार, हे ज्याला माहीत नाही त्याच्या वाट्याला नेहमी आधीचा किंवा नंतरचा क्षण येतो. येथे समाधानाची गोष्ट अशी की, ज्यांनी लहानपणी लाल मातीत खेळून मग कॅमेरा हाती घेतला, अशांची चित्रे पाहताच ओळखू येतात. त्यांत खांबावरच्या मुलाइतकाच, खाली हात पुढे करून उभा असलेला वस्तादही असतो.

काही प्रसंग असे असतात की त्यांत हालचालच नसते, आणि तेथे छायाचित्रकाराचे खरे पाणी जोखले जाते. गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात, महाराजांचे देहावसान 11 ऑक्टोबर 1968 रोजी ज्या वेळी झाले त्या वेळी, म्हणजे दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, अफाट जनसमुदाय मौन पाळून श्रद्धांजली वाहतो. एवढ्या माणसांची एकत्र स्तब्धता चित्रात आणणे सोपे नाही, कारण स्तब्धता आणि नुसते उभे राहणे ही चित्रात सारखीच दिसतात. भेद दिसतो तो अर्धवट मिटलेल्या डोळ्यांत, टोपी काढलेल्या हातात, कडेवरच्या पोराच्या ओठांवर ठेवलेल्या बोटात. आवाज न करणारे आधुनिक शटर येथे खरोखर उपकारक ठरले आहे, आणि यंत्राच्या प्रगतीने कलेला विनय शिकविल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणून नोंदवून ठेवावेसे वाटते. शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींबद्दल, थोडक्यात एवढेच की, सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये शर्यतींचा कायदेशीर मार्ग मोकळा केल्यापासून तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी पुन्हा कॅमेऱ्यांची दाटी होऊ लागली आहे. परंतु सारी भिंगे बैलजोडीवर आणि धुरकऱ्यावर रोखलेली असतात, घड्याळाचा निकाल ऐकण्यापूर्वीची मालकाची मुद्रा मात्र क्वचितच कोणी टिपते.

मेळघाटातील होळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथील कोरकू आदिवासींचा हा वर्षातला सर्वांत मोठा सण. मेघनाथाची पूजा, फगवा मागण्यासाठी रस्त्यावर येणारे बायकांचे घोळके, ढोलकी-बासरीच्या साथीने चालणारे नाच, हे सर्व पाहण्यास शहरातून मोटारी भरून छायाचित्रकार जातात. गावाची, किंवा निदान त्या बाईची, संमती विचारण्याची तसदी त्यांतील फार थोडे घेतात. आणि ते चित्र पुढे स्पर्धेत बक्षीस मिळवते तेव्हा त्याखाली ‘आदिवासी स्त्री’ एवढेच लिहिलेले असते, जणू तिला नाव नाही व गावही नाही. न सांगता टिपलेला क्षण अकृत्रिम असतो हे खरे; परंतु न सांगता टिपणे आणि न विचारता प्रसिद्ध करणे यांत जो भेद आहे तो पाळण्यासाठी कायद्याची नव्हे, सभ्यतेची गरज आहे. लग्नाच्या बाबतीत तर कायदाही बराच स्पष्ट आहे : 1957 च्या स्वामित्वहक्क अधिनियमाप्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. असे असताना यजमानाच्या मुलीची रील जाहिरातीसाठी सर्रास वापरली जाते, आणि यजमानालाही आपला हक्क ठाऊक नसतो.

शेवटी, या कलेचे सर्वांत मोठे दैन्य चित्र घेण्यात नसून ते जपण्यात आहे. पूर्वी छत्तीस चित्रांचा रोल असे, म्हणून प्रत्येक वेळी बोट दाबताना विचार होई, आणि धुतलेली निगेटिव्ह स्टुडिओवाला पाकिटावर नाव-तारीख घालून कपाटात ठेवी. आज एका लग्नाची हजारो चित्रे निघतात, ती एका डिस्कवर जातात, आणि ती डिस्क नादुरुस्त झाली किंवा जागा हवी म्हणून पुसली गेली की त्या दिवसाचे सारे दप्तर नष्ट होते. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांची अवस्था याहून निराळी नाही. ज्यांनी वीस-तीस वर्षे अकोल्याचे मोर्चे, पूर्णेचे पूर, कापसाचे बाजार आणि निवडणुकीच्या रात्री टिपल्या, त्यांचा संग्रह त्यांच्या निवृत्तीबरोबर घरातल्या पेटीत जातो. समीक्षेचे म्हणाल तर ती जवळजवळ नाहीच. नाटकावर, कादंबरीवर, चित्रपटावर मराठीत साक्षेपाने लिहिले जाते. जिल्ह्यातील छायाचित्रांच्या प्रदर्शनाची मात्र उद्घाटकाच्या नावासह बातमी येते आणि विषय संपतो.

सारांश, वऱ्हाडातील प्रसंगचित्रण संख्येने समृद्ध, साधनांनी अद्ययावत आणि दृष्टीने अद्याप परावलंबी आहे, असाच निर्णय द्यावा लागतो. आणि तो बदलणे सर्वस्वी येथील छायाचित्रकारांच्याच हातचे आहे, कारण ज्या ज्ञानाची उणीव भासते ते त्यांच्या घरचेच आहे. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना एक साधी विनंती करून हा आढावा पुरा करतो. प्रत्येक प्रसंगातील निदान दहा चित्रे कागदावर छापून घ्यावीत, आणि ज्यांची चित्रे आहेत त्यांची हरकत नसेल तेथे प्रत्येकामागे माणसांची नावे, गाव आणि तारीख शाईने लिहून ठेवावी. अमरावती-अकोल्यातील एखाद्या वाचनालयाने ती स्वीकारण्याची तजवीज केली, तर पन्नास वर्षांनी वऱ्हाडचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला केवळ अक्षरांवर अवलंबून राहावे लागणार नाही.