पावसाळा नसलेली लढाई

गेल्या दिवाळीत नरडाण्याच्या घरी पुतण्याच्या संगणकावर मी ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा २००९ सालचा खेळ मांडला. काळ १७०० सालचा. पक्ष अर्थातच मराठ्यांचा. खेळ रंगतो, हे आधी कबूल करतो. त्यापायी नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उन्हे वर आल्यावर झाले!

पण त्यातल्या वर्षाचे भाग दोनच : उन्हाळा आणि हिवाळा. लढाईत एखादी सर येते. चार महिने वाट अडवणारा पावसाळा मात्र नाही. आमचे सीमोल्लंघन दसऱ्याला, कारण तोवर नद्यांना उतार मिळतो आणि घोड्यांना चारा. १७०२ साली विशाळगड घेऊन परतणाऱ्या औरंगजेबाच्या फौजेची पावसाने काय दैना केली! या पडद्यावर ती होणे नाही. मी उघडे मैदान टाळून वाट पाहू लागलो की खेळ रेंगाळे. समोरासमोर भिडलो की रंगे. म्हणजे गनिमी काव्याने लढणाऱ्याला येथे मौज कमी.

पुतण्या म्हणाला, “काका, पाऊस घातला तर चार महिने खेळायचं काय?”

दाणावैरण, सावकाराचे कर्ज, जासुदांच्या बातम्या, फितुरी... मी बोटे मोजू लागलो, तोवर त्याने पुढची लढाई सुरू केली होती.